पाच होनांची मर्यादा

बडोद्याचे न्यायमंदिर २०१८ साली रिकामे झाले. सूरसागराच्या काठची ही इमारत १८९६ सालची. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तिला आपल्या दिवंगत राणीचे, चिमणाबाईंचे नाव दिले होते. तिथली कोर्टे दिवाळीपुऱ्यातल्या नव्या संकुलात गेली. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत वाढलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात मात्र कोर्टाचा एक शब्द अजून टिकून आहे : ‘स्मॉल कॉज’. ‘त्यांचे स्मॉल कॉजमध्ये चालले आहे’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे विचारावे लागत नाही. घरमालक आणि भाडेकरू यांचा कज्जा, आणि तो लवकर संपणारा नाही, हे त्याला कळते.

गंमत अशी की ज्या वाड्यासाठी दोन पिढ्या भांडल्या, त्याच्या जागेची किंमत आज कोटींत असते आणि कोर्टाचे नाव मात्र लहान दाव्यांचे! महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत त्याला ‘लघुवाद न्यायालय’ म्हणतात. हे ‘लघु’ कोणी ठरवले, कोणत्या आकड्याने ठरवले, तो आकडा वाढवला तेव्हा कोणाचे भले झाले आणि तो तसाच पडून राहिला तेव्हा कोणाचे नुकसान झाले, याचा इतिहास आपल्या घरांपर्यंत येऊन पोचतो. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

तगाद्यापासून विनंतीपर्यंत

पेशवाईत देण्या-घेण्याच्या भांडणाला रकमेची पायरी नव्हती. पाटील, मामलेदार, पंचायत अशी वाट होती आणि पंचायत दहा रुपयांचाही वाद ऐके, दहा हजारांचाही. त्याहून जवळचा मार्ग होता तगाद्याचा. सावकार स्वतः किंवा त्याचा माणूस देणेकऱ्याच्या दारात बसून राही. देणेकऱ्याला बाहेर पडणे, जेवणे मुश्कील होई आणि चारचौघांत अब्रू जाई ती वेगळीच. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे वर्णन आहे आणि पंचायतीचे गुणदोषही आहेत. पंचायत लोकांना आपली वाटे. पण ती बसवणे अवघड, पंचांना जमवणे अवघड आणि निकाल अमलात आणणे त्याहून अवघड.

मुंबई बेटावर इंग्रजांची वेगळीच अडचण होती. तिथे मेयरचे कोर्ट होते. त्याची पद्धत विलायतेची, खर्चही त्याच मानाचा. किरकोळ उधारीसाठी त्या कोर्टाची पायरी चढणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. म्हणून १७५३ च्या राजसनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तिन्ही ठिकाणी एक नवे छोटे कोर्ट काढले : ‘कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स’, म्हणजे शब्दशः विनंतीचे कोर्ट. गावातले आठ ते चोवीस गृहस्थ त्याचे कमिशनर असत. त्यांतले तिघे बसले तरी काम चाले. कोर्ट आठवड्यातून एकदा भरे. वादी-प्रतिवादींनी आपले म्हणणे तोंडी सांगायचे आणि निकाल घेऊन घरी जायचे.

या कोर्टाची मर्यादा होती पाच पॅगोडा. पॅगोडा म्हणजे आपला होन. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या कथेतून आपल्याला ठाऊक असलेले ते दक्षिणी सोन्याचे नाणे. एक होन साधारण सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचा, म्हणजे पाच होन हे दीड तोळ्याच्या आसपास भरत. हा आकडा पुढच्या हिशोबासाठी लक्षात ठेवू या.

पाचशे, हजार, दोन हजार

पुढच्या शतकात मुंबईचे बंदर झाले, पेठा झाल्या, आणि विनंतीच्या कोर्टाची जागा अपुरी पडू लागली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हाच प्रश्न ऐरणीवर होता. तिथे १८४६ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत काउंटी कोर्टे निघाली. त्यांची मर्यादा वीस पौंड होती. छोटे दुकानदार आणि कारागीर या कोर्टांवर इतके खूश झाले की चारच वर्षांत, १८५० मध्ये, ती पन्नास पौंडांवर न्यावी लागली. 

त्याच १८५० साली कंपनी सरकारने आपल्या तीन राजधान्यांसाठी ‘स्मॉल कॉज कोर्टा’चा कायदा केला आणि मर्यादा ठेवली पाचशे रुपये. तेव्हा पौंडाला साधारण दहा रुपये पडत. म्हणजे विलायतेतले पन्नास पौंड आणि मुंबईतले पाचशे रुपये हा एकच आकडा दोन पोशाखांत होता. १८६४ मध्ये मर्यादा हजारावर गेली. मुंबईत तेव्हा कापसाच्या तेजीचा पूर होता आणि व्यवहाराचे आकडे फुगले होते. १८८२ च्या नव्या कायद्याने ती दोन हजार केली. बत्तीस वर्षांत चौपट.

मुंबईबाहेरच्या मुलखासाठी, म्हणजे इंग्रजांच्या भाषेत मोफसलसाठी, १८६० आणि १८६५ मध्ये वेगळे कायदे झाले आणि शेवटी १८८७ चा प्रांतिक स्मॉल कॉज कोर्टांचा कायदा आला. त्यात मर्यादा पाचशे रुपये होती आणि सरकारला वाटल्यास ती हजारापर्यंत नेता येई. पुणे, अहमदाबाद या शहरांतली स्मॉल कॉज कोर्टे या मोफसलच्या परंपरेतली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे १८८४ मध्ये पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. त्याआधी काही काळ ते मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टातही होते. आपण त्यांना ग्रंथकार, समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. पण त्यांच्या आयुष्याची काही वर्षे वाण्याची उधारी, कापडवाल्याचे बिल आणि हातउसने पैसे यांचे निवाडे करण्यात गेली, हे विसरून चालणार नाही.

या कोर्टाची खरी ओळख त्याच्या पद्धतीत आहे. साक्षी थोडक्यात टिपायच्या, निकालपत्र लांबवायचे नाही, तारखा कमी द्यायच्या. स्थावराच्या मालकीचे, वारसाचे, वाटणीचे गुंतागुंतीचे दावे येथे चालणार नाहीत. १८८७ च्या कायद्याने त्यासाठी वगळलेल्या दाव्यांची लांबलचक यादीच जोडली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या कोर्टाच्या हुकूमनाम्यावर नेहमीचे अपील नाही. वरिष्ठ कोर्टाला कायद्याची चूक दिसली तर ते कागद मागवून पाहू शकते, एवढेच. शिवाय समन्स पोचले नाही किंवा तारखेला जाता आले नाही म्हणून तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज देताना हुकूमनाम्याची रक्कम आधी कोर्टात भरावी लागते किंवा त्याबद्दल जामीन द्यावा लागतो.

ही पद्धत कोणाच्या सोयीची? ज्याचे पैसे अडकले आहेत आणि ज्याच्यापाशी कागद आहे, त्याच्या सोयीची. तो पैसे अडकलेला माणूस गरीब शिंपी असेल तर कोर्ट गरिबाचे वाली. तो सावकार असेल तर तेच कोर्ट त्याच्या हातातला हातोडा. म्हणून मर्यादा पाचशेची हजार करणे म्हणजे नुसते दार रुंद करणे नव्हे. ज्या रकमेवर कालपर्यंत अपील होते, त्या रकमेवर आजपासून ते नाही, असाही त्याचा अर्थ होतो.

सुप्याचा बाजार

ही दुसरी बाजू किती जड पडू शकते, हे महाराष्ट्राने १८७५ साली पाहिले. १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे गाठली आणि रोखे, खते, हुकूमनामे मागून त्यांची होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत हे लोण पसरले आणि सुमारे हजार माणसे पकडली गेली. चौकशी आयोगाच्या नजरेत एक गोष्ट ठळकपणे आली. लोकांचा राग कागदावर होता. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुतेक त्याच्या अंगाला हात लागला नाही.

कागदावर एवढा राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावावा लागे. सावकार मुदत संपण्याआधी नवा रोखा करून घेई आणि त्यात जुने व्याज मुद्दलात मिसळलेले असे. पुन्हा तीन वर्षांनी तेच. वीस रुपयांचे कर्ज कागदावर दोनशेचे होऊन बसे आणि कोर्टापुढे फक्त शेवटचा कागद येई. कोर्ट तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. शेतकऱ्याला समन्सचा अर्थ कळत नसे, कळला तरी पेरणी सोडून जाता येत नसे. तो गेला नाही की एकतर्फी हुकूमनामा होई. मग दरखास्त, बेलीफ आणि जप्ती. बहुतेक दाव्यांत कुणबी कोर्टासमोर उभाच राहिला नव्हता, हे आयोगाने नोंदवले. पेशवाईतला तगादा निदान दारात दिसत असे. आताचा तगादा सरकारी शिक्क्याने येऊ लागला होता.

सुप्याच्या सावकारांचे सगळे दावे स्मॉल कॉज कोर्टातच झाले, असे मुळीच नाही. दिवाणी कोर्टांचा सगळा गाडाच त्या दिशेने चालत होता. पण झटपट निकाल, एकच कागद आणि गैरहजर प्रतिवादी ही त्रिकूट जिथे जमते तिथे काय होते, याचा तो धडा होता.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. या कायद्याने लहान दाव्यांचा प्रश्न चारी बाजूंनी धरला. गावातच दहा रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्यासाठी गावमुनसफ नेमायची सोय केली. कोर्टात जाण्याआधी तडजोड घडवणारे मध्यस्थ आणले. न्यायाधीशावर बंधन घातले, की त्याने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराची पहिल्यापासून चौकशी करावी, मूळ किती दिले, व्याज किती झाले, फेड किती झाली याचा हिशोब मांडावा. हप्ते बांधून देण्याची मुभा दिली. आणि शेतकऱ्यांच्या या लहान दाव्यांत अपील काढून टाकले.

अपील काढले, मग चूक झाली तर? इथे या कायद्याचे शहाणपण आहे. अपिलाऐवजी एक खास न्यायाधीश नेमला. त्याने चार जिल्ह्यांतल्या कोर्टांतून हिंडायचे, दप्तरे तपासायची, चुकीचा निकाल दिसला तर स्वतःहून तो बदलायचा. गरिबाने वकील लावून वर जाण्याऐवजी वरच्यानेच खाली यायचे. हे काम आधी सहायक म्हणून आणि १८८७ पासून मुख्य म्हणून केले ते रानड्यांनीच, १८९३ मध्ये हायकोर्टात जाईपर्यंत. वर्षातले कितीतरी महिने ते दौऱ्यावर असत. त्यांच्या अर्थशास्त्रावरच्या लेखनात कुणब्याच्या कर्जाचे जे बारीक ज्ञान दिसते, त्यामागे हे दप्तर तपासणेही आहे.

कोर्टाबाहेरही प्रयत्न चालू होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी लवाद कोर्टाची चळवळ चालवली. भांडण आपल्यातल्याच जाणत्या माणसांपुढे ठेवा, वकिलाचा आणि स्टॅम्पचा खर्च वाचवा, असा तिचा रोख होता. मर्यादेचा आकडा कितीही बदलला तरी जवळचा, स्वस्त आणि ऐकून घेणारा न्याय हवा ही भूक एकच होती, हे यावरून दिसते.

आकडा थांबला, भाडे आले

बडोदे संस्थानात कायदे स्वतंत्र होते. सयाजीराव महाराजांनी न्यायाची भाषा लोकांना कळावी म्हणून किती मेहनत घेतली, याची खूण म्हणजे १९३१ मध्ये निघालेला ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’. त्यात राज्यकारभाराचे आणि कायद्याचे शब्द इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले आहेत. सुप्याच्या कुणब्याला समन्सचा कागद वाचता आला नव्हता. इथे एका राजाने कोर्टाचा शब्द सामान्य माणसाच्या जिभेवर आणण्याचा प्रयत्न केला.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबईचे कायदे इथे आले. त्यांत एक होता १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. महायुद्धाच्या काळात शहरांत जागेची टंचाई झाली होती. या कायद्याने भाडे गोठवले. प्रमाण भाडे ठरवण्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली आणि कारण असल्याशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही असे ठरवले. हे दावे कोणी ऐकायचे? जिथे स्मॉल कॉज कोर्ट असेल तिथे त्याच कोर्टाने, आणि रक्कम कितीही असो. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाले तरी ही व्यवस्था इथे चालू राहिली.

अशा रीतीने ‘लघु’ शब्दाचा रकमेशी असलेला संबंध अर्धा सुटला. वाड्यातली दोन खोल्यांची बिऱ्हाडे, महिना पंधरा-वीस रुपये भाडे, मनीऑर्डरने पाठवलेले आणि मालकाने परत केलेले भाड्याचे पैसे, ‘स्वतःच्या वापरासाठी जागा हवी’ हे कारण, हे सगळे स्मॉल कॉजच्या फायलींत जमू लागले. आपल्यापैकी काही घरे मालकांची होती, काही भाडेकरूंची. काही घरांनी तर दोन्ही भूमिका केल्या. कोणाचे बरोबर होते हा वाद या लेखात नको. एवढे मात्र खरे की भाड्याच्या दाव्यांत कायद्याने अपील ठेवले होते, त्यामुळे झटपट निकालासाठी जन्मलेल्या कोर्टात पिढ्यान्‌पिढ्यांचे कज्जे राहू लागले.

आणि पैशाच्या दाव्यांची मर्यादा? ती जवळजवळ झोपी गेली. १८८७ च्या मूळ कायद्यातला आकडा पाचशेचा, फार तर हजाराचा. मुंबई शहरासाठीचे दोन हजार महाराष्ट्राने पुढे दहा हजारांवर नेले. आता मघाचा हिशोब काढू या.

१८८७ चा रुपया चांदीचा, एक तोळा वजनाचा, बारा भागांतले अकरा भाग शुद्ध. पाचशे रुपयांत पाच किलोहून अधिक शुद्ध चांदी होती. आजच्या भावाने ती रक्कम लाखांत जाते. १७५३ चे पाच होन म्हणजे सुमारे सतरा ग्रॅमची सोन्याची नाणी. आज दहा हजार रुपयांत एक ग्रॅम सोने जेमतेम येते किंवा तेही येत नाही. सोन्याचांदीच्या तराजूने सगळी महागाई मोजणे पूर्ण न्यायाचे नाही, कारण सोने धान्याकापडापेक्षा जास्त महागले आहे, हे मान्य. तरी दिशा स्पष्ट आहे. कागदावर पाच होनांची मर्यादा वाढत वाढत दहा हजार झाली. प्रत्यक्षात सतरा ग्रॅमची एक ग्रॅम झाली. कोणीही ठराव न करता, कोणतेही कलम रद्द न करता, लहान दाव्याचे दार बंद होत गेले. किल्ली फिरवली ती महागाईने.

‘लहान’ या शब्दाचा आणखी एक आकडा दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. लहान रकमेच्या दाव्यात हायकोर्टापर्यंत दुसरे अपील नाही, असे तिचे १०२ वे कलम सांगते. हा आकडा १९०८ मध्ये पाचशे होता, १९७६ मध्ये तीन हजार आणि २००२ मध्ये पंचवीस हजार झाला. म्हणजे जिथे आकडा वाढल्याने सामान्य माणसाला लवकर दाद मिळते तिथे तो झोपला, आणि जिथे आकडा वाढल्याने त्याचे अपील जाते तिथे तो जागा राहिला. यामागे कोणाचा कट होता असे नाही. वरच्या कोर्टांवरचा भार ज्यांना रोज दिसतो ते कायदे सुचवतात. न लावलेले दावे कोणाच्याच कपाटात दिसत नाहीत.

ग्राहक आणि मांडववाला

दार बंद झाले की लोक खिडकी शोधतात. पहिली खिडकी १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उघडली. जिल्हा मंचाची मर्यादा सुरुवातीला एक लाख होती. १९९३ मध्ये ती पाच लाख झाली, २००३ पासून वीस लाख आणि २०२० मध्ये एक कोटी. इथे मर्यादा वेळोवेळी वाढवली गेली आणि लोकांनी वकील असो वा नसो, या मंचाचा भरपूर वापर केला. मग २०२१ च्या डिसेंबरात ती एक कोटीवरून पन्नास लाखांवर आणली गेली. मर्यादा खालीही येऊ शकते, याचे हे दुर्मीळ उदाहरण. खरी लहान माणसाची सोय मात्र दुसऱ्याच नियमात आहे : दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

दुसरी खिडकी जरा विचित्र आहे. १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला धनादेश हा फौजदारी गुन्हा झाला. दिवाणी कोर्टात वसुलीला वर्षे लागतात म्हणून लोक देणेकऱ्याला फौजदारी कोर्टात खेचू लागले आणि मॅजिस्ट्रेट कोर्टांत अशा खटल्यांचे ढीग झाले. जे काम स्मॉल कॉजने चार तारखांत करायचे, ते तुरुंगाची भीती दाखवून करून घ्यायची वेळ आली.

तरी एक माणूस बाहेरच राहतो. आपल्या उत्सवातलेच उदाहरण घेऊ. समजा, मंडळाने मांडववाल्याला आगाऊ रक्कम दिली आणि तो आलाच नाही. मंडळ ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार तरी करू शकते. आता उलट समजा. मांडववाल्याने दहा दिवस मांडव उभा ठेवला, आचाऱ्याने महाप्रसाद केला, आणि कोणा यजमानाने त्यांचे चाळीस हजार थकवले. धनादेश नाही, लेखी करार नाही, वहीत एक नोंद आणि फोनवर चार निरोप. हा मांडववाला ग्राहक नाही. त्याच्यासाठी नेहमीचे दिवाणी कोर्ट, वकिलाची फी, कोर्टाचा स्टॅम्प आणि वर्षांची वाट. तो दावा लावत नाही. पुढच्या गणपतीपर्यंत फेऱ्या मारतो आणि मग ‘बुडाले’ म्हणून वहीतली ओळ खोडतो. १७५३ मध्ये विनंतीचे कोर्ट निघाले ते याच माणसासाठी.

म्हणून लहान दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा वाढवावी का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो’ आहे, पण सुप्याचा बाजार आठवून दिलेले ‘हो’. आकडा वाढवायचाच असेल तर तो दर काही वर्षांनी भावमानाप्रमाणे आपोआप वाढावा, म्हणजे पुन्हा शंभर वर्षे झोपणार नाही. पण त्याबरोबर १८७९ च्या कायद्यातले तीन धडेही यावेत. न्यायाधीशाने शेवटच्या कागदावर न थांबता मूळ हिशोब विचारावा. आज रोख्याच्या जागी कर्ज देणाऱ्या कंपनीचा छापील करार आणि मोबाईलवरचा अंगठा आला आहे, एवढाच फरक. गैरहजर माणसाविरुद्ध हुकूमनामा देण्याआधी समन्स त्याला खरोखर, त्याच्या भाषेत पोचले का हे पाहावे. आणि अपील काढायचे असेल तर रानड्यांसारखा कोणीतरी वरून खाली येऊन दप्तर तपासणारा हवा. हे तीन धडे नसतील तर वाढलेल्या मर्यादेचा पहिला फायदा मांडववाल्याला मिळणार नाही. हजारो एकसारखे दावे एकाच दिवशी लावण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याला मिळेल.

न्यायमंदिराच्या त्या रिकाम्या इमारतीवरून जाताना आपल्याला वाड्याचे कज्जे आठवतात. भाड्याच्या पावत्या, कोर्टाच्या नोटिसा, जुन्या रोख्यांचे तुकडे अजून कोणाच्या ट्रंकेत असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. ‘लहान’ म्हणून कोणाचे ऐकले गेले आणि कोणाचे राहून गेले, याचा पुरावा तेवढाच आहे.